येण्याचे कारण

नव्या मालकांना रिसेप्शनच्या भिंतीसाठी
लॉजचा इतिहास हवाय.
दीडशे शब्दांत, फ्रेमीत मावेल एवढा.
"जुनं काहीतरी टाका, मावशी,
लोकांना आवडतं."

रजिस्टरं काढली. सात होती.
दोन वाळवीनं माझ्याआधीच वाचलेली,
पाच मला उरली.

नाव. कुठून आलात. कुठे जाणार. येण्याचे कारण.
चार रकाने, बाबांनी लाल पेन्सिलीनं आखलेले,
फूटपट्टी सापडली नाही तेव्हा वल्ह्याच्या कडेनं,
ती पानं ओळखू येतात, तिरकी गेलीत.

सुरुवातीला सगळे हवापालटाला येत.
गिरगावातून, माटुंग्याहून, वळकट्या बांधून,
सोबत डॉक्टरची चिठ्ठी, स्टोव्ह,
आणि खोकणारी एक सून.
उपवनच्या तळ्यावरून वारा सुटला
की तिला आत नेत.
मग 'शिकार' येते, पाच-सहा पानं,
परवान्याचा आकडा दोनदा गिरवलेला.
बहात्तरनंतर तीच माणसं, त्याच सह्या,
कारण : निसर्ग निरीक्षण.

मागच्या पानांवर होडीचा हिशोब.
अर्ध्या तासाला बारा आणे.
'होडी दीड तास उशिरा. दंड माफ.'
कुणाला, का, ते बाबांनी लिहिलेलं नाही.

कुमुदिनी टिपणीस, दादर,
एकोणीस डिसेंबर, खोली दोन,
कारणाच्या रकान्यात दर वर्षी आडवी रेघ.
आईला वाटायचं, बाई लेखिका असणार.
सकाळचा चहा मी न्यायचे.
ओट्यावर बसून, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून
ती वालपापडी निवडत असायची.
मी तरी एवढंच पाहिलं.

आणि जान्या उंबरसाडा.
आमच्याकडे लाकडं फोडायचा.
पाहुण्यांना बिबळ्याचे ठसे दाखवून एक रुपया घ्यायचा,
ठसे नसले तरी एक रुपया.
(मूठ ओल्या मातीत दाबायची, वर चार बोटं.
मला अजून येतात.)
काम संपलं की चढ चढून पाड्यावर,
कितीही रात्र झाली तरी.
ज्या दिवशी वनखात्यानं त्याचं कुडाचं घर उतरवलं
त्या रात्री फक्त राहिला.
बायको-पोरं मामाकडे धाडलेली.
बाबांनी व्हरांडा नाही, खोली चार उघडली,
आणि रजिस्टर पुढं सरकवलं.

नाव, ते बाबांच्या अक्षरात.
कुठून : येऊर.
कुठे जाणार : येऊर.
कारण : झोप.
खाली जांभळा अंगठा.

सकाळी उशीखाली एक रुपया निघाला.
बाबांनी तो होडीच्या हिशोबात जमा केला.
त्या दिवशी होडी गेलीच नव्हती.

मी लिहून दिलं. एकशे बासष्ट शब्द झाले.
शिकार राहिली.
उशिरा आलेल्या होडीचं जरा फुलवा, म्हणाले.
टिपणीसबाईंवर बोट ठेवून,
"ह्यांच्याऐवजी एखादा हिरो उतरला नव्हता का?"
आणि जान्यावर आडवी रेघ :
"जागेची भानगड आहे, मावशी. भिंतीवर नको."
फ्रेम लागली. काच छान आहे,
ट्यूबलाइट पडली की काहीच वाचता येत नाही.

काल पार्टीची भांडी आवरता आवरता
साडेअकरा झाले, खाली जाणारी रिक्षा गेली.
खोली चार रिकामी होती.
कॉम्प्युटरवर तो रकाना अजून आहे,
यादीतून निवडावं लागतं :
कामकाज. कौटुंबिक. आराम. इतर.
बराच वेळ बाण वरखाली केला,
मग 'इतर'.
मग त्या हजेरीच्या डबीवर अंगठा.
डबी लाल झाली. माझे अंगठे
भांड्यांच्या पावडरीनं गुळगुळीत झालेत.
पदराला पुसून पुन्हा ठेवला.
तिसऱ्या खेपेला घेतला.